प्रॉपिलीन कार्बोनेट, सोलापूरची हवा आणि जुळलेलं उत्तर

सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यापुढचा प्रश्न साधा होता. प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) कुजवून बायोगॅस निघतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा आणि उरलेला मिथेन दाबून सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणून विकायचा. २०१८ साली केंद्राची ‘सतत’ योजना आली तेव्हापासून असे प्रकल्प ऊसपट्ट्यात बरेच उभे राहिले. कच्च्या गॅसमध्ये ढोबळमानाने साठ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, शिवाय थोडा हायड्रोजन सल्फाइड. आयएस १६०८७ या भारतीय मानकाप्रमाणे विकायच्या गॅसमध्ये मिथेन किमान ९० टक्के लागतो.

नेहमीचा उपाय म्हणजे वॉटर स्क्रबर. दाबाखाली गॅस पाण्यातून न्यायचा, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, मिथेन फारसा विरघळत नाही. पण ज्या शहरात कित्येक वर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत आलं आणि उजनीची पातळी रोज पेपरात छापून येते, त्या जिल्ह्यात पाण्यावर चालणाऱ्या यंत्राकडे लोक जरा संशयानेच बघतात. त्यात एप्रिल-मेचा उन्हाळा. २५ अंशांना एक लिटर पाण्यात एक वातावरण दाबाखाली सुमारे पाऊण लिटर कार्बन डायऑक्साइड (शून्य अंशांच्या आकारमानात मोजलेला) विरघळतो. पाणी ४० अंशांवर गेलं की हाच आकडा अर्ध्या लिटरच्या जरा वर येऊन थांबतो. यंत्र तेच राहतं, पाणी मात्र दीडपट फिरवावं लागतं.

कारखान्याच्या डिस्टिलरीचे साहेब मूळचे केमिकल इंजिनिअर. त्यांच्या डोक्यात प्रॉपिलीन कार्बोनेट आलं, पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेणारा द्रव, म्हणजे सॉल्व्हेंट. ही कल्पना नवी नाही. फ्लोअर कंपनीने १९६० च्या सुमारास हेच सॉल्व्हेंट नैसर्गिक वायूतून कार्बन डायऑक्साइड काढायला वापरलं. एनएमपी नावाचं दुसरं सॉल्व्हेंट वापरणारी पुरिसोल, थंड मिथेनॉल वापरणारी रेक्टिसोल या त्याच घराण्यातल्या प्रक्रिया. एनएमपी तर बालाजी अमाईन्स ही सोलापूरचीच कंपनी बनवते, त्यामुळे आधी तेही नाव निघालं. पण एनएमपी पाणी ओढून घेतं, त्याची वाफ जास्त आणि गर्भावर दुष्परिणाम करणाऱ्या रसायनांत त्याची गणना होते. प्रॉपिलीन कार्बोनेट २४२ अंशांना उकळतं, नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ जवळजवळ नाहीच, वासही सौम्य. २५ अंशांना एका लिटरमध्ये एक वातावरण दाबाखाली सुमारे ३.४ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो, म्हणजे पाण्याच्या चौपट.

छापील आकडे होतेच. तरी साहेबांना बाजारात मिळणाऱ्या मालावर, २५ ते ४५ अंशांत, दहा बारपर्यंतची मोजणी हवी होती. शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने काम घेतलं. अहवाल आला, आणि तो तपासायला म्हणून माझ्याकडे. खालचे आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

मोजणी कशी होती

पद्धत प्रेशर डिकेची. दोन स्टीलची भांडी: एक ३०० मिलिलिटरची गॅसची टाकी, दुसरं १५० मिलिलिटरचं सेल. मध्ये नीडल व्हॉल्व्ह. सेलमध्ये तोलून ७२ ग्रॅम सॉल्व्हेंट, म्हणजे ६० मिलिलिटर, म्हणजे ०.७०५ मोल. ते चुंबकी ढवळणीने ढवळत व्हॅक्यूम लावून त्यातली हवा काढून टाकायची. मग टाकीत गॅस भरायचा, दाब टिपायचा, व्हॉल्व्ह किंचित उघडून थोडा गॅस सेलमध्ये सोडायचा, बंद करायचा आणि थांबायचं. सेलमधला दाब आधी चढतो, मग गॅस विरघळत जातो तसा उतरतो आणि एका जागी स्थिर होतो.

हिशेब वजाबाकीचा आहे. टाकीतून किती मोल गेले ते टाकीच्या दाबातल्या फरकावरून. सेलमध्ये द्रवाच्या वरच्या ९० मिलिलिटर मोकळ्या जागेत किती मोल उरले ते स्थिर झालेल्या दाबावरून. पहिल्यातून दुसरे वजा केले की जे राहतं ते द्रवात विरघळलेलं. द्रवात काय चाललंय हे कोणी थेट बघत नाही. सगळं वायूवरून ओळखायचं. म्हणून या पद्धतीत गॅसच्या हिशेबातली प्रत्येक चूक विरघळलेल्या गॅसच्या नावावर जमा होते. ओ-रिंगमधून बारीक गळती असेल तर तीही ‘विरघळलेला गॅस’ म्हणूनच दिसते.

गळतीच्या बाबतीत मात्र या प्रयोगशाळेला नाव ठेवायला जागा नव्हती. तिथले मदतनीस मामा प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून, रात्रभर दाब धरून ठेवून, सकाळचा आकडा वहीत लिहीत. कार्बन डायऑक्साइडमुळे ओ-रिंग फुगते हे त्यांना कुठल्याही पुस्तकाआधी माहीत होतं. ते दर काही दिवसांनी रिंग बदलून टाकत आणि जुनी कोणी पुन्हा लावू नये म्हणून कात्रीने कापून ठेवत. कार्बन डायऑक्साइड आदर्श वायूसारखा वागत नाही याचाही हिशेब मोजणी करणाऱ्या विद्यार्थिनीने नीट धरला होता. २५ अंशांना त्याचा दुसरा व्हिरियल गुणांक (वायू आदर्श वागण्यापासून किती ढळतो ते सांगणारा आकडा) उणे १२३ घनसेंटिमीटर प्रतिमोलच्या आसपास आहे. म्हणजे पाच बारला आदर्श हिशेबापेक्षा अडीच टक्के गॅस जास्त मावतो, दहा बारला पाच टक्के. हे सोडून दिलं असतं तर बाकीचं बोलण्यात अर्थ नव्हता.

अहवालात काय जुळलं

अहवालाचं मुख्य वाक्य असं होतं: २५ अंश आणि एका बारच्या जवळ मोजलेला हेन्री स्थिरांक (वायूचा दाब भागिले द्रवातला त्याचा मोल-अपूर्णांक, म्हणजे एकूण मोलांतला त्याचा हिस्सा; आकडा मोठा तर विद्राव्यता कमी) ८५ बार, प्रकाशित आकडा सुमारे ८४, म्हणजे उपकरण बरोबर आहे. त्यानंतर वायू-द्रवांचं वर्तन सांगणारं पेंग-रॉबिन्सन समीकरण (१९७६ चं, आजही प्रत्येक सिम्युलेटरमध्ये असलेलं) प्रत्येक तापमानाला बसवलेलं, सरासरी विचलन तीन-साडेतीन टक्के. आलेख देखणा. ठिपके आणि रेघ एकमेकांना चिकटून.

मी तो आलेख बाजूला ठेवला आणि टेबलातून दुसरा काढला: प्रत्येक ठिपक्यासाठी फ्युगॅसिटीला (म्हणजे वायू आदर्श नसल्याची दुरुस्ती धरलेल्या दाबाला) मोल-अपूर्णांकाने भागून. कमी विरघळणाऱ्या वायूसाठी हा भागाकार सगळीकडे जवळजवळ सारखा यायला हवा; १८०३ साली विल्यम हेन्रीने सांगितलं ते हेच. इथे अर्ध्या बारला ९१, एका बारला ८५, दोन बारला ८२ आणि पाच बारला साडेऐंशी असा उतार दिसत होता. एका बारला ८४ च्या जवळून रेघ जाते, पण ती जाता जाता जाते.

एका ठिकाणची तुलना हा आपल्याकडच्या प्रयोगशाळांचा लाडका पुरावा आहे. मला तो पटत नाही. दोन वाकड्या रेघाही कुठेतरी एकमेकींना छेदतातच.

व्हॅक्यूमचा आकडा

पहिला धागा वहीत मिळाला. गॅस सोडण्याआधी, नुसतं सॉल्व्हेंट व्हॅक्यूमखाली असताना सेलचा दाब ‘०.०५ बार’ लिहिलेला, आणि शेजारी कंसात: सॉल्व्हेंटचा बाष्पदाब. ४५ अंशांच्या पानावरही तोच आकडा, तीच टीप.

प्रॉपिलीन कार्बोनेटचा बाष्पदाब २५ अंशांना पाऱ्याच्या मिलिमीटरचा काही शतांश भाग असतो. ०.०५ बार म्हणजे जवळपास चाळीस मिलिमीटर, हजारपटीचा फरक. सॉल्व्हेंटमध्ये पाणी शिरलं असेल असं विद्यार्थिनीच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं पडलं. पण २५ अंशांना शुद्ध पाण्याचाच बाष्पदाब २४ मिलिमीटर. थोडं पाणी मिसळलेल्या द्रवाचा त्याहून जास्त कसा होईल? आणि कुठल्याही द्रवाचा बाष्पदाब २५ वरून ४५ अंशांवर गेल्यावर वाढतो, पाण्याचा तर तिप्पट होतो. जो दाब तापमानाला जुमानत नाही तो बाष्पदाब नव्हेच.

“सर, मीटरवर तर उणे शून्य पॉइंट नऊ सहा दिसायचं,” विद्यार्थिनी म्हणाली. “त्यात एक पॉइंट शून्य एक तीन मिळवलं.”

इथे गाठ सुटली. प्रेशर ट्रान्समीटर गेज जातीचा होता. त्याची पाठ खोलीतल्या हवेला उघडी असते आणि तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. निरपेक्ष दाब हवा असेल तर बाहेरच्या हवेचा दाब त्यात मिळवावा लागतो. एक्सेल शीट समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेतून आलेली, तिच्यात १.०१३ हा आकडा एका चौकटीत पक्का बसवलेला. तिथे तो बरोबरच होता. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५७ मीटर उंचावर आहे. इथल्या हवेचा दाब ०.९६ बारच्या आसपास.

विद्यार्थिनीने खातरजमा केली नव्हती असं नाही. तिने मोबाइलवर हवामानाचं ॲप बघितलं होतं, तिथे १००८ हेक्टोपास्कल दिसले आणि तिचं समाधान झालं. ॲपवरचा आकडा समुद्रसपाटीला आणून ठेवलेला असतो, नाहीतर वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता येणार नाही. पुणं, सोलापूर, मुंबई, सगळीकडे हजाराच्या आगेमागेच दिसणार. मग आम्ही फिजिक्सच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथे फोर्टिनचा बॅरोमीटर भिंतीवर टांगलेला, दरवर्षी पहिल्या वर्षाची मुलं त्याचं चित्र काढतात, वाचत कोणी नाही. पाऱ्याची खालची पातळी स्क्रूने हस्तिदंती टोकाला आणली, वर्निअर लावला: ७२२ मिलिमीटर. खोली ३८ अंशांवर होती, पारा तापून फुगलेला. त्याची दुरुस्ती धरली की ७१८. म्हणजे ०.९५७ बार.

पाच-साडेपाच शतांश बारची ही चूक दहा बारला अर्धा टक्का होते, कोणाच्या लक्षातही येणार नाही. अर्ध्या बारला मात्र दहा टक्के होते. शिवाय ती दोनदा मोजली जाते: एकदा समतोल दाब वाढवून दाखवते, आणि दुसऱ्यांदा मोकळ्या जागेतला गॅस वाढवून विरघळलेला गॅस कमी दाखवते. टाकीच्या हिशेबात मात्र ती शिरत नाही, कारण तिथे दाबांची वजाबाकी आहे. विद्राव्यता आणि दाब यांचा आलेख काढला तर रेघ शून्यातून जायला हवी. इथे ती दाबाच्या अक्षाला ०.०७ बारच्या आसपास टेकत होती.

दुरुस्त केलं आणि बिघडलं

१.०१३ च्या जागी बॅरोमीटरचा आकडा घातला. रेघ शून्यातून गेली. भागाकार सपाट झाला. सगळीकडे ७९.

प्रकाशित आकडा ८४. म्हणजे आता प्रत्येक ठिपका सहा टक्क्यांनी चुकीचा. आधी निदान एका ठिकाणी तरी जुळत होतं.

सर वैतागले, आणि मला त्यांचं वैतागणं समजतं. अहवाल कारखान्याला जायचा होता, तारीख उलटून गेलेली. “बरोबर येणारं उत्तर खोडून चुकीचं उत्तर द्यायचं का आम्ही?” असं त्यांनी सरळ विचारलं. जुना आकडा ठेवावा आणि तळटीप द्यावी, असाही प्रस्ताव आला.

मला वाटतं या प्रकरणातला महत्त्वाचा क्षण हाच आहे. बॅरोमीटर सगळ्यांना पटला होता, पण त्याचा परिणाम कोणालाच नको होता. चुका दोन जातींच्या असतात. एक बेरजेची: ती सगळीकडे तितकीच मिसळते, म्हणून लहान आकड्यांना खाते आणि मोठ्यांना शिवत नाही. दुसरी गुणाकाराची: ती सगळ्यांना एकाच प्रमाणात वाढवते किंवा घटवते. रेघ शून्यातून जात नसेल तर बेरजेची चूक, शून्यातून जाऊनही चढ चुकीचा असेल तर गुणाकाराची. आधीच्या आकड्यांत दोन्ही होत्या, एकमेकींच्या उलट दिशेने, आणि नेमक्या एका बारच्या आसपास त्या एकमेकींना खाऊन टाकत होत्या. तुलना केली तीही नेमकी तिथेच, कारण छापील आकडे बहुतेक एका वातावरण दाबाचेच मिळतात. आता एक जात गेली आणि दुसरी उघडी पडली. न जुळणारं ७९ हे जुळणाऱ्या ८५ पेक्षा सत्याच्या जवळ होतं, कारण त्यात फक्त एकच चूक शिल्लक होती.

गुणाकाराची चूक कुठे लपू शकते? भांड्यांच्या आकारमानात, सॉल्व्हेंटच्या वजनात किंवा तापमानात. आकारमान पाणी भरून, तोलून पुन्हा काढलं, बरोबर होतं. तराजू बरोबर होता. राहिलं तापमान.

सेल वॉटर बाथमध्ये बुडवलेलं होतं, २५ अंशांना, थर्मोस्टॅट चोख. पण गॅसची टाकी बाथच्या बाहेर, पश्चिमेच्या खिडकीशेजारी भिंतीवरच्या क्लॅम्पला अडकवलेली. एप्रिलमध्ये त्या खोलीत दुपारी ३८ अंश. शीटमध्ये तापमानाचा रकाना एकच, त्यात बाथचं तापमान. ३८ अंशांचा गॅस २५ अंशांचा धरला की तो ४.४ टक्के जास्त मोजला जातो (३११ भागिले २९८). टाकीतून गेलेला सगळा गॅस ४.४ टक्के जास्त, मोकळ्या जागेतला मात्र बरोबर. वजाबाकीनंतर ती सगळी जास्तीची भर विरघळलेल्या हिश्शावर पडते आणि सहा टक्के होते. ८४ चे ७९.

रिकामं भांडं

तर्क पटण्यासारखा होता, पण तर्कावर अहवाल बदलायचा नसतो. मी विद्यार्थिनीला सांगितलं, सॉल्व्हेंट न घालता सगळा प्रयोग करून बघा. रिकामं, कोरडं सेल, त्यात टाकीतून कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि शीटला विचारायचं किती विरघळला. काहीच नसताना उत्तर शून्य यायला हवं.

बाथ २५ अंशांना असताना शीट म्हणाली, सोडलेल्या गॅसपैकी चार टक्के ‘विरघळला’. स्टीलमध्ये? बाथ ४५ अंशांवर नेला तर आणखी गंमत: उणे दोन टक्के. रिकाम्या भांड्याने आत नसलेला गॅस बाहेर सोडला. खोली ३८ वर, बाथ ४५ वर, म्हणून चुकीची दिशाच उलटली. यापुढे वादाला जागा उरली नाही. सरांनी स्वतःच टाकी क्लॅम्पवरून काढली आणि मामांनी ती बाथमध्ये उतरवायला नवीन नळी वाकवून दिली.

रिकाम्या भांड्याची ही चाचणी अर्ध्या दिवसाची आहे, तिला खर्च नाही, आणि विद्राव्यतेच्या मोजणीचे कितीतरी अहवाल तिच्याशिवाय बाहेर पडतात. मी तर म्हणेन, सॉल्व्हेंटची बाटली उघडण्याआधी ती करावी.

टाकी बाथमध्ये गेल्यावर २५ अंशांचे भागाकार ८४ च्या आजूबाजूला, एक-दीड टक्क्याच्या आत बसले, आणि या वेळी अर्ध्या बारपासून दहा बारपर्यंत. तापमानाचा परिणामही ताळ्यावर आला. जुन्या अहवालात विरघळण्याची उष्णता मोलमागे १६-१७ किलोज्यूल निघत होती. २५ ला विद्राव्यता फुगवलेली आणि ४५ ला दाबलेली, म्हणून उतार खोटा तीव्र. आता ती १३ च्या आसपास आली. या आकड्याने ४० अंशांना हेन्री स्थिरांक सुमारे १०८ बार येतो, म्हणजे २५ अंशांच्या तुलनेत विद्राव्यता पाचव्या हिश्शाहून थोडी जास्तच घटते.

मग मॉडेल काय करत होतं?

साहेबांनी हे विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. आकडे इतके वाकडे होते तर पेंग-रॉबिन्सन तीन टक्क्यांत कसं बसलं?

पेंग-रॉबिन्सनसारख्या क्युबिक समीकरणाला प्रत्येक पदार्थाचं क्रांतिक तापमान, क्रांतिक दाब आणि ॲसेंट्रिक फॅक्टर लागतो; कार्बन डायऑक्साइडसाठी ३०४.१ केल्विन, ७३.८ बार, ०.२२५. यात वाद नाही. प्रॉपिलीन कार्बोनेटचा क्रांतिक बिंदू मात्र अंदाजानेच काढतात, कारण तिथे पोचण्याआधीच ते तुटतं. या दोघांमधलं नातं एका जुळवणीच्या आकड्यावर सोडलेलं असतं, त्याला के-आय-जे म्हणतात. अहवालात तो प्रत्येक तापमानाला वेगळा काढलेला होता. म्हणजे प्रत्येक तापमानाची रेघ स्वतंत्रपणे वरखाली सरकवायची मुभा. सहा टक्क्यांची गुणाकाराची चूक या एका आकड्याने सहज गिळली. ती चूक मॉडेलने पकडावी अशी अपेक्षाच करता येत नाही.

बेरजेची चूक मात्र त्याला गिळता येत नव्हती. समीकरण कुठलंही घ्या, पेंग-रॉबिन्सन किंवा २००१ चं पीसी-सॅफ्ट, दाब शून्य तर विद्राव्यता शून्य आणि त्याच्या जवळ सरळ रेघ, हे त्याच्या हाडात असतं. म्हणून मॉडेलने ओरडून सांगितलं होतं, फक्त ते सरासरीत ऐकू येत नव्हतं. प्रत्येक ठिपक्याचं विचलन चिन्हासकट मांडल्यावर दिसलं: कमी दाबाचे सगळे ठिपके रेघेखाली, जास्त दाबाचे सगळे वर. खरी इकडेतिकडे होणारी चूक असती तर चिन्हं मिसळलेली असती. सरासरी विचलनाचा एकच आकडा छापून आलेख न देणारे लेख मी वाचतो तेव्हा मला हे विद्यार्थिनीचं टेबल आठवतं.

नव्या आकड्यांवर आम्ही पेंग-रॉबिन्सन ठेवलंच नाही. दहा बारपर्यंत आणि मोल-अपूर्णांक ०.११ च्या आसपास थांबणार असेल तर हेन्री स्थिरांक, त्याच्या तापमानासाठी व्हँट हॉफचं समीकरण आणि वायूच्या बाजूला व्हिरियलने काढलेली फ्युगॅसिटी एवढं पुरतं. जुळवायचे आकडे दोनच. फ्युगॅसिटी सोडता येत नाही. दहा बारला तो गुणक ०.९५ आहे. सिम्युलेटरवाल्यांना क्युबिक हवंच असेल तर त्यांनी एकच के-आय-जे सगळ्या तापमानांना घ्यावा आणि विचलन वाढलं तर वाढू द्यावं.

कारखान्याच्या दृष्टीने

साहेबांचा पहिला विचार असा की चार-सहा टक्क्यांनी काय बिघडतं, पंप तर आपण वीस टक्के मोठाच घेतो. ज्या टॉवरमध्ये गॅस खालून आणि सॉल्व्हेंट वरून येतं, त्याच्या तळाशी त्यांचं खरं आहे. दहा बार दाबाच्या गॅसमध्ये ३८ टक्के कार्बन डायऑक्साइड म्हणजे ३.८ बार; तिथे ४० अंशांना जुन्या-नव्या आकड्यांत दोन-तीन टक्क्यांचाच फरक. एक हजार घनमीटर गॅसमागे आदर्श स्थितीत किमान ४१ घनमीटर सॉल्व्हेंट फिरवावं लागेल. पाणी असतं तर त्याच तापमानाला १८० च्या आसपास. हा हिशेब सॉल्व्हेंटच्या बाजूने जातो, जरी ते पाण्यापेक्षा जवळपास तिप्पट घट्ट असल्याने टॉवर थोडा उंच लागेल.

खरी अडचण टॉवरच्या वरच्या टोकाला. बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये चार टक्के कार्बन डायऑक्साइड राहू द्यायचा म्हटलं तर त्याचा दाब ०.४ बार; वरून येणारं सॉल्व्हेंट त्यापेक्षा स्वच्छ हवं, म्हणजे मोल-अपूर्णांक ०.००३७ च्या खाली. सॉल्व्हेंट नुसतं हवेच्या दाबाला आणून गॅस सोडू दिला तर त्यात ०.००८९ उरतो. दुपटीहून जास्त. म्हणजे व्हॅक्यूम लावल्याशिवाय किंवा हवेने झटकल्याशिवाय भागत नाही, आणि व्हॅक्यूमचा हिशेब सगळा अर्ध्या बारच्या खालच्या पट्ट्यात होतो. म्हणजे जिथे जुने आकडे सर्वात खोटे होते तिथेच. जुन्या टेबलाप्रमाणे ०.३ बारला सॉल्व्हेंटमध्ये ०.००२० उरायला हवं. प्रत्यक्षात ०.००२८ उरतं. ०.००२० पर्यंत जायचं तर ०.२२ बारला उतरावं लागतं, आणि तेवढाच गॅस त्या दाबाला ओढायचा म्हणजे व्हॅक्यूम पंपाची क्षमता तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढवावी लागते. पंपाचं कोटेशन आलेलं होतं. ते परत पाठवलं.

आणखी एक गोष्ट, जी मोजणीतून नव्हे पण त्याच चर्चेतून निघाली. प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या चार टक्क्यांच्या आसपास विरघळतो. पाण्यातही हे प्रमाण जवळजवळ तेवढंच आहे. म्हणजे हे सॉल्व्हेंट पाण्यापेक्षा जास्त निवडक नाही. त्याचा फायदा फक्त कमी आकारमानाचा. वरच्याच दाबाला हिशेब केला तर आलेल्या मिथेनपैकी साडेतीन-चार टक्के सॉल्व्हेंटबरोबर निघून जातो. तो विकायचा माल आहे, शिवाय हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट जास्त उष्णता अडवणारा. म्हणून मध्ये तीन बारच्या आसपास एक फ्लॅश, म्हणजे दाब उतरवून गॅस सुटू देण्याचा टप्पा, ठेवून तिथे सुटलेला गॅस पुन्हा कॉम्प्रेसरला द्यायचा, असं ठरलं. साहेबांनी विचारलं, हे आधी कोणी का नाही बोललं? कारण त्यांनी विचारलं होतं ते फक्त कार्बन डायऑक्साइडबद्दल.

हायड्रोजन सल्फाइड अजून बाकी आहे. तो या सॉल्व्हेंटमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या तिप्पटीहून जास्त विरघळतो आणि व्हॅक्यूम पंपातून तसाच बाहेर येईल, त्यामुळे टॉवरच्या आधी आयर्न ऑक्साइडचा बेड लागणार. त्याची मोजणी महाविद्यालयात होणार नाही. त्या खोलीत धड फ्यूम हूड नाही आणि विषारी वायूचा अलार्मही नाही. सॉल्व्हेंटमधलं पाणी किती चालेल हाही प्रश्न आहे, कारण तापलेल्या सॉल्व्हेंटमध्ये आम्ल किंवा अल्कली शिरली तर पाण्याने ते तुटतं, त्यातून प्रॉपिलीन ग्लायकॉल तयार होतं आणि कार्बन डायऑक्साइडच सुटतो. पुढच्या गाळप हंगामात कारखान्यातच छोटा पायलट टॉवर बसवून खऱ्या गॅसवर हे दोन्ही बघायचं ठरलं आहे. विद्यार्थिनी तिच्या प्रबंधात रिकाम्या भांड्याचा आलेख घालणार आहे, उणे दोन टक्क्यांच्या ठिपक्यांसकट, आणि सरांची त्याला हरकत नाही.